पल्लामापक कॅमेरा आणि इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शक

हाताने केंद्रीकरण करावयाच्या (म्हणजे भिंग पुढेमागे सरकवून प्रतिमा रेखीव करावयाच्या) भिंगांबरोबर वापरण्यात येणाऱ्या दोन भिन्न योजना. छायाचित्रकाराला दृश्य दाखविणे आणि लक्ष्यवस्तू रेखीव झाली की नाही हे कळविणे ही दोन्ही कामे त्या करतात. पल्लामापक कॅमेऱ्यात वस्तूचे अंतर प्रकाशीय रीतीने मोजले जाते व त्या मापाशी भिंगाची हालचाल यंत्राने जोडलेली असते. भिंगातून पडणारी प्रतिमा डोळ्याला दिसत नाही. इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शकात भिंगाने संवेदकावर पाडलेली प्रतिमाच एका लहान पडद्यावर दाखविली जाते. तेथे अंतर मोजले जात नाही, प्रतिमा तपासली जाते. पहिल्या योजनेचा पाया मापन हा आहे, तर दुसरीचा पाया निरीक्षण हा आहे. दोहोंतील निवडीचे बहुतेक प्रश्न या एका भेदातून उद्‌भवतात.

ही निवड केवळ उपकरणाची नाही. केंद्रीकरणाच्या प्रत्येक पद्धतीने कॅमेऱ्यासमोरील माणसाकडून काही मागणी केली आहे. तो किती वेळ स्थिर राहील, छायाचित्रकाराला किती जवळ येऊ देईल आणि कोणत्या प्रकाशात त्याचे चित्र निघेल, हे बव्हंशी या पद्धतीनेच ठरविले. महाराष्ट्राच्या उत्तर टोकाचा नंदुरबार जिल्हा या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेल्या या जिल्ह्यात तापीकाठचे उघडे मैदान, सातपुड्याच्या अरुंद दऱ्या, रात्रभर चालणारे आदिवासी उत्सव आणि नर्मदेच्या जलाशयाखाली गेलेली गावे, असे केंद्रीकरणाची कसोटी पाहणारे विषय एकत्र आढळतात. त्यांतील कित्येक प्रसंग वर्षातून एकदाच येतात, तर काही दृश्ये पुन्हा कधीच दिसणार नाहीत. म्हणून या दोन्ही योजनांचा इतिहास प्रथम व त्यांचा या जिल्ह्यातील उपयोग नंतर, असा क्रम येथे ठेवला आहे.

प्रारंभ : छायाचित्रणाच्या पहिल्या अर्धशतकात केंद्रीकरणाचे साधन म्हणजे घासलेली काच होती. कॅमेऱ्याच्या मागील बाजूस ही काच बसवीत. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन तिच्यावरील उलटी प्रतिमा पाही व भाता मागेपुढे सरकवून ती रेखीव करी. या पद्धतीत प्रतिमेची खात्री पूर्ण असे; परंतु नंतर काच काढून तिच्या जागी प्रकाशसंवेदी काचपट्टीचा डबा बसवावा लागे. त्या क्षणापासून छायाचित्रकाराला काहीच दिसत नसे. पाहणे आणि चित्र घेणे यांत असे अंतर असल्यामुळे समोरच्या माणसाने न हलणे आवश्यक होते.

मुंबई प्रांतात ही कला लवकर रुजली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सभासदांपैकी होत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. याच काळात भारतातील जातिजमातींची छायाचित्रे संग्रहित करण्याचे काम शासकीय पातळीवर हाती घेण्यात आले व १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आठ खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील माणसे ताठ बसलेली वा उभी व एकटक पाहणारी दिसतात. यामागे शासकांची वर्गीकरणाची दृष्टी होती हे खरे; पण मंद काचपट्टी आणि घाशीव काच यांचाही त्यात वाटा होता. चालणारा, नाचणारा किंवा बोलणारा माणूस त्या साधनाच्या आवाक्याबाहेर होता.

पल्लामापकाचा उदय : दोन ठिकाणांहून एकाच वस्तूकडे पाहिल्यास दृष्टिरेषांत जो कोन होतो त्यावरून वस्तूचे अंतर काढता येते, हे तत्त्व सर्वेक्षणात जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्चिबाल्ड बार व विल्यम स्ट्राउड यांनी त्यावर आधारलेले लष्करी व नाविक पल्लामापक तयार केले. छायाचित्रणात भिंगाशी जोडलेला पल्लामापक प्रथम कोडॅक कंपनीने १९१६ मध्ये आपल्या एका घडीच्या कॅमेऱ्यात वापरला. त्याचा खरा प्रसार मात्र लहान फिल्मच्या कॅमेऱ्यामुळे झाला.

जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी चलचित्रपटाच्या ३५ मिमी. रुंदीच्या फिल्मवर २४ × ३६ मिमी. आकाराचे चित्र घेणारा कॅमेरा बनविला. तो लायका या नावाने १९२५ च्या वसंत ऋतूत लाइपसिक येथील जत्रेत मांडण्यात आला. त्यात पल्लामापक नव्हता. अंतर अदमासाने किंवा वेगळ्या उपकरणाने काढून भिंगावरील अंकावर लावावे लागे. लहान चित्र पुढे मोठे करावयाचे असल्याने केंद्रीकरणातील चूकही मोठी होत असे व त्यामुळे अंदाजाने भागेना. १९३२ मध्ये लायकाच्या दुसऱ्या नमुन्यात व त्याच वर्षी त्साइस इकॉन कंपनीच्या कॉन्टॅक्समध्ये भिंगाशी जोडलेला पल्लामापक आला. १९३६ च्या दुसऱ्या कॉन्टॅक्समध्ये दृश्यदर्शक व पल्लामापक एकाच नेत्रिकेत एकवटले. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये या योजनेला स्थिर रूप मिळाले. विस्तृत व तेजस्वी दृश्यदर्शक, त्यात भिंगानुसार बदलणाऱ्या प्रकाशरेखांच्या चौकटी, जवळच्या वस्तूसाठी आपोआप सरकणारी चौकट आणि चटकन बदलता येणारी भिंगाची बैठक ही तिची वैशिष्ट्ये होती. पुढील सत्तर वर्षांत या रचनेत मूलभूत असा फरक फारसा झाला नाही.

या साधनाने कॅमेरा तिवईवरून हातात आला. डोळा सतत दृश्यावर राहू लागला, भाता व काळे कापड गेले आणि माणसाला थांबविण्याची गरज संपली. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४७-४८ मध्ये भारतात लायकाने घेतलेली छायाचित्रे, विशेषतः महात्मा गांधींचे अखेरचे दिवस व अंत्ययात्रा यांची, या नव्या शक्यतेची साक्ष देतात. त्याच काळात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या व १९४२ मध्ये दिल्लीस गेलेल्या होमाय व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी स्पीड ग्राफिक व द्विभिंगी रोलायफ्लेक्स हे अधिक जड कॅमेरे वापरून वृत्तछायाचित्रण केले. एकाच प्रसंगाची दोन साधनांनी घेतलेली चित्रे उत्तम असू शकतात, हे या उदाहरणावरून दिसते. साधनाने छायाचित्रकाराची कामाची रीत बदलते, गुणवत्ता आपोआप वाढत नाही.

रचना व कार्य : पल्लामापक कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर एकमेकांपासून काही सेंमी. अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून सरळ दृश्य दिसते. दुसरीतून आलेला प्रकाश फिरत्या लोलकावरून वा आरशावरून अर्धपारदर्शक आरशावर पडतो व दृश्यदर्शकाच्या मध्यभागी लहान चौकोनात दुसरी प्रतिमा दिसते. भिंग फिरविले म्हणजे त्याचा मागील कॅम कॅमेऱ्यातील रूळ लावलेली तरफ ढकलतो, तरफ लोलक फिरविते व दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या म्हणजे भिंग त्या अंतरासाठी बरोबर जागी आले, असे समजतात. लायकाची तरफ सु. ५१·६ मिमी. केंद्रांतराच्या भिंगाच्या हालचालीस अनुसरून आखलेली आहे. इतर केंद्रांतरांच्या भिंगांत त्यांची स्वतःची हालचाल या मापात रूपांतरित करणारा कॅम घडवावा लागतो. त्यामुळे भिंग व कॅमेरा दोन्ही अचूक असतील तरच माप अचूक येते.

मापनाची अचूकता दोन खिडक्यांमधील अंतर (पाया) व दृश्यदर्शकाचे विवर्धन यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. एम ३ मध्ये पाया ६८·५ मिमी. व विवर्धन ०·९१ असल्याने परिणामी पाया सु. ६२ मिमी. येतो. दोन रेषा जुळल्या की नाही हे ठरविताना डोळ्याची एक मिनिट कोनाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक होते असे धरल्यास ३ मी. अंतरावर मापनात सु. ४ सेंमी. व ६ मी. अंतरावर सु. १७ सेंमी. चूक पडेल. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते.

ही चूक चालेल की नाही हे दृश्यखोलीवरून (वस्तू पुरेशी रेखीव दिसेल अशा अंतराच्या व्याप्तीवरून) ठरते. चित्रातील ०·०३ मिमी. व्यासाचा ठिपका बिंदूसारखा दिसतो असे मानल्यास, ३ मी. अंतरावर केंद्रित केलेल्या ५० मिमी., एफ/२ भिंगाची दृश्यखोली सु. २·८० ते ३·२३ मी. असते, ४ सेंमी.ची चूक तीत सहज सामावते. ९० मिमी., एफ/२ भिंगाची व्याप्ती सु. २·९३ ते ३·०७ मी. इतकीच उरते व मोकळीक फार थोडी राहते. १३५ मिमी., एफ/२·८ भिंगाबाबत दृश्यखोली प्रत्येक बाजूस सु. ४ सेंमी., म्हणजे मापनाच्या चुकीएवढीच होते. अंतर वाढले की चूक व दृश्यखोली जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढतात, म्हणून ही मर्यादा वस्तू दूर असल्यानेही टळत नाही. लायकाच्या १३५ मिमी., एफ/२·८ भिंगाला दृश्यदर्शकाची प्रतिमा मोठी करणारी ऐनकसदृश जोडणी का द्यावी लागली, हे यावरून स्पष्ट होते. या कॅमेऱ्यांत १३५ मिमी.च्या पलीकडील चौकट सहसा नसते.

एकभिंगी परावर्ती कॅमेरा : दूरदर्शी भिंगे व अगदी जवळच्या वस्तूंचे चित्रण यांसाठी भिंगातूनच पाहणे सोयीचे असते. १९३६ च्या किने एक्साक्टा कॅमेऱ्यापासून ३५ मिमी. फिल्मवर ही योजना आली; १९४९ मध्ये कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यातील पंचकोनी लोलकामुळे प्रतिमा सुलटी दिसू लागली; १९५४ मध्ये जपानच्या आसाहीफ्लेक्समध्ये चित्र घेताच जागी परतणारा आरसा आला आणि १९५९ च्या निकॉन एफ नंतर व्यावसायिकांत या प्रकाराचे वर्चस्व निर्माण झाले. भिंगामागे आरशाला जागा लागत असल्याने अशा कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर मोठे असते. निकॉन एफ मध्ये ते ४६·५ मिमी. आहे, तर लायका एम मध्ये केवळ २७·८ मिमी. या भेदाला पुढे मोठे महत्त्व आले.

१९८५ नंतर स्वयंचलित केंद्रीकरणाचे परावर्ती कॅमेरे प्रचारात आले व हाताची भिंगे मागे पडली. १९८७ मध्ये कॅनन कंपनीने आपली जुनी एफडी बैठक सोडून नवी ईएफ बैठक स्वीकारली. जुन्या बैठकीचे अंतर ४२ मिमी. व नवीचे ४४ मिमी. असल्याने जुनी भिंगे साध्या जोडकडीने नव्या कॅमेऱ्यावर बसवून दूरच्या वस्तूवर केंद्रित करता येईनात. प्रकाशीय दृष्ट्या निर्दोष अशी असंख्य भिंगे त्यामुळे कपाटात पडून राहिली.

इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शक : चलचित्रे घेणाऱ्या इलेक्ट्रॉनीय कॅमेऱ्यांत लहान पडद्याचा दृश्यदर्शक पूर्वीपासून होता. भिंगे बदलता येणाऱ्या व आरसा नसलेल्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यात तो २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स जी १ द्वारे आला. आरसा गेल्यामुळे बैठक व संवेदक यांतील अंतर एकदम कमी झाले. सोनीच्या ई बैठकीत ते १८ मिमी. व निकॉनच्या झेड बैठकीत (२०१८) १६ मिमी. आहे. उरलेल्या जागेत जोडकडी बसवून जवळजवळ कोणतेही जुने भिंग वापरणे शक्य झाले. २०१३ च्या सोनी ए ७ मध्ये २४ × ३६ मिमी.चा पूर्ण आकाराचा संवेदक आल्यावर जुन्या भिंगाचा मूळ दृष्टिकोनही कायम राहू लागला. स्वयंचलित केंद्रीकरणाच्या लाटेत निरुपयोगी ठरलेल्या भिंगांना असे पुनरुज्जीवन मिळाले.

या दृश्यदर्शकात संवेदकावरील प्रतिमा दर सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा वाचून नेत्रिकेमागील पडद्यावर उमटविली जाते. हाताने केंद्रीकरण करण्यास तीत दोन साहाय्ये असतात. एकात प्रतिमेचा लहान भाग अनेकपट मोठा करून दाखवितात. दुसऱ्यात जेथे प्रकाश व छाया यांतील फरक तीव्र असेल त्या कडा रंगाने उजळतात. पहिले साहाय्य अधिक विश्वसनीय आहे. परंतु त्या वेळी संपूर्ण चौकट दृष्टीआड होते. दुसरे वेगवान आहे, पण ते अंतर मोजत नाही, केवळ कडांचा उठाव ओळखते. त्यामुळे कापडाची वीण किंवा वाळलेले गवत रंगाने भरून जाते व नेमकी रेखीव पातळी कोणती हे कळत नाही.

मापन व निरीक्षण यांतील भेद भिंगाच्या दोषांबाबत विशेष जाणवतो. काही मोठ्या छिद्राच्या भिंगांत छिद्र लहान केले असता रेखीव पातळी थोडी सरकते. त्साइसचे ५० मिमी., एफ/१·५ सोनार भिंग या गुणासाठी ओळखले जाते. पल्लामापकाला हे सरकणे कळू शकत नाही, कारण तो भिंगातून पाहतच नाही. इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शकात चित्राच्याच छिद्रावर केंद्रीकरण केल्यास चूक राहत नाही. उलट, पल्लामापक कॅमेऱ्यांसाठी बनविलेल्या अतिविस्तृत दृष्टीच्या भिंगांतून प्रकाश संवेदकाच्या कोपऱ्यांवर फार तिरपा पडतो. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर अशा भिंगांचे कोपरे धूसर किंवा रंगछटायुक्त येऊ शकतात. लायकाच्या अंकीय कॅमेऱ्यांत, २००६ च्या एम ८ पासून, संवेदकावरील सूक्ष्मभिंगे कडेला सरकवून हा दोष कमी केलेला आहे. सर्वसाधारणपणे ३५ मिमी.पेक्षा कमी केंद्रांतराच्या जुन्या भिंगांबाबत ही दक्षता घ्यावी लागते.

दोन्ही योजना पुढे काही प्रमाणात एकमेकींजवळ आल्या. पहिला अंकीय पल्लामापक कॅमेरा एप्सन कंपनीने २००४ मध्ये आणला. २०१२ च्या फुजीफिल्म एक्स-प्रो १ मध्ये प्रकाशीय व इलेक्ट्रॉनीय असे दोन्ही दृश्यदर्शक एकाच नेत्रिकेत होते, मात्र यांत्रिक पल्लामापक नव्हता. त्याच वर्षी जाहीर झालेल्या लायका एम कॅमेऱ्याला वेगळा इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शक जोडता येऊ लागला. २०२२ मध्ये लायकाने फिल्मवर चालणारा एम ६ हा पल्लामापक कॅमेरा पुन्हा बाजारात आणला, तर २०२५ मध्ये एम ईव्ही १ या कॅमेऱ्यात पल्लामापक पूर्णपणे काढून त्याच्या जागी इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शक बसविला. एकाच घराण्यात दोन्ही मार्ग असे समोरासमोर आले.

नंदुरबार जिल्ह्यातील उपयोग : शहादे तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीस भरणारी यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. येथे भरपूर प्रकाश व वेगवान हालचाल असते. ३५ मिमी. भिंगाचे छिद्र एफ/८ वर ठेवून केंद्रीकरण सु. ५·१ मी.वर केले, तर सु. २·६ मी.पासून अनंतापर्यंत सर्व काही पुरेसे रेखीव येते. मग प्रत्येक चित्रासाठी केंद्रीकरण करण्याची गरज राहत नाही. पल्लामापक कॅमेऱ्यात चौकटीबाहेरचा भागही दिसत असल्याने घोडा किंवा स्वार चौकटीत शिरण्यापूर्वीच लक्षात येतो. दृश्य दिसणे व ते घडणे यांत विलंब नसतो. गर्दीत, जवळून व विस्तृत दृष्टीने काम करणाऱ्यास येथे पल्लामापक अधिक सोयीचा आहे. दूर उभे राहून ९० ते १३५ मिमी. भिंगाने घोड्याचे डोके किंवा व्यापाऱ्याचा चेहरा टिपावयाचा असल्यास मात्र आधी दिलेल्या गणितानुसार इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शकाची बाजू वरचढ ठरते.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीची स्थिती वेगळी आहे. सातपुड्यातील आदिवासींचा हा मोठा उत्सव रात्रभर चालतो व होळी पहाटे पेटविली जाते. डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे बांधलेले नर्तक ज्वाळांच्या व दिव्यांच्या अपुऱ्या, हलत्या प्रकाशात फेर धरतात. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे लागते व दृश्यखोली काही सेंमी.वर येते. पल्लामापकाला अशा अंधारातही एखादा चकाकणारा बिंदू पुरतो. घुंगराचा वा दागिन्याचा कवडसा दोन ठिकाणी दिसतो व भिंग फिरविताच एक होतो. ज्वाळेची कड सतत बदलत असल्याने ती मात्र यास निरुपयोगी असते. इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शक अंधुक दृश्य उजळून दाखवितो व चेहरा ओळखू येतो. पण त्याच वेळी प्रतिमा कणीदार होते, पडद्यावरील गती अडखळते व उजळलेल्या कडा विश्वासार्ह राहत नाहीत. पडद्यावर चित्राच्या उद्‌भासनाचे हुबेहूब दर्शन चालू ठेवल्यास ज्वाळेमुळे चेहरे काळे पडलेले दिसतात. केंद्रीकरणापुरते ते बंद ठेवणे इष्ट असते. प्रकाशित पडद्याचा उजेड छायाचित्रकाराच्या डोळ्यावर पडून अंधारास सरावलेली दृष्टी काही काळ मंदावते, ही अडचणही रात्रीच्या कामात जाणवते.

दिवाळीत अस्तंबा शिखराची यात्रा होते व यात्रेकरू रात्रीच डोंगर चढतात. तोरणमाळच्या पठारावर पावसाळ्यात धुके असते. धुक्यात उठाव नाहीसा झाल्याने रंगाने कडा उजळण्याची योजना निकामी होते व पल्लामापकालाही जुळविण्यासारखी रेषा मिळत नाही. अशा वेळी प्रतिमा मोठी करून पाहणे किंवा भिंगावरील अंतराच्या अंकांवर विसंबणे हेच मार्ग उरतात. हाताच्या भिंगावर हे अंक कोरलेले असतात, हा त्यांचा मोठा व बहुधा विसरला जाणारा गुण आहे.

दुर्गम भागात देखभालीचा विचारही करावा लागतो. एम ३ सारखा पूर्ण यांत्रिक कॅमेरा विद्युत् घटाविना चालतो. इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शक सतत वीज वापरतो व एका घटावर साधारणपणे काही शेच चित्रे घेता येतात. अक्राणी तालुक्यातील पाड्यापाड्यांतून पायी फिरणाऱ्यास म्हणून जादा घट बरोबर ठेवणे आवश्यक असते. याउलट, खडबडीत रस्त्यावरील धक्क्यांनी पल्लामापकाची जुळणी बिघडू शकते व चित्र पाहीपर्यंत ती चूक कळत नाही. अशी शंका आल्यास भिंग अनंतावर ठेवून दूरच्या शिखराकडे पाहावे. दोन प्रतिमा एक दिसल्या नाहीत तर जुळणी बिघडली आहे. जवळच्या अंतरासाठी फितीने मोजलेल्या एका मीटरवर तीच तपासणी पुन्हा करावी. इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शकात असा यांत्रिक दुवाच नसल्याने ही चूक संभवत नाही. जुन्या भिंगांवर दमट हवेत बुरशी धरते. दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांसाठी भिंगे पावसाळ्यात कोरडी ठेवणे सारखेच महत्त्वाचे आहे.

अभिलेख म्हणून महत्त्व : सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यांपैकी एक प्रमुख गाव होय. धरणाची अंतिम उंची १३८·६८ मी. असून २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला. बुडालेली घरे, शेते, झाडे व देवस्थाने यांचे दर्शन यापुढे बव्हंशी छायाचित्रांतूनच घडू शकते. येथे केंद्रीकरणाचा प्रश्न सौंदर्यापुरता राहत नाही. घराच्या लाकडी खांबावरील कोरीव काम, भिंतीवरील चित्र, देवाच्या खांबाची घडण किंवा एखाद्या वृद्धेचा चेहरा चित्रात रेखीव आहे की पुसट, यावर त्या चित्राचे पुराव्याचे मूल्य ठरते. स्थिर वस्तूंच्या अशा नोंदीसाठी, विशेषतः जवळून, इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शक निःसंशय अधिक योग्य आहे. पल्लामापक कॅमेरे सहसा ०·७ मी.पेक्षा जवळ मोजू शकत नाहीत व त्यांच्या चौकटीही अदमासाच्या असतात.

माणसांच्या नोंदीत उत्तर इतके सरळ नाही. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत बसविलेल्या नमुन्यांसारखी दिसणारी माणसे आणि आपल्या अंगणात बोलताना, काम करताना किंवा नाचताना टिपलेली माणसे यांतील फरक पाहणाऱ्याला तत्काळ कळतो. हा फरक प्रथम पल्लामापक कॅमेऱ्याने शक्य केला, कारण त्याने पाहण्यात खंड पडू दिला नाही. तरी लहान कॅमेरा हाती असल्याने नकळत चित्र घेण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. उत्सवात व घरात चित्रणापूर्वी संबंधितांची संमती घेणे ही या प्रदेशातील कामाची पहिली अट आहे.

निवडीचे निकष : सारांश, निवड तीन बाबींवरून करणे योग्य ठरते. पहिली बाब म्हणजे हाती असलेली भिंगे. पल्लामापक कॅमेऱ्यासाठी बनविलेली व २८ ते ५० मिमी.च्या दरम्यानची भिंगे असतील तर पल्लामापक कॅमेरा त्यांचा पूर्ण उपयोग करून देतो. परावर्ती कॅमेऱ्यांची जुनी भिंगे असतील तर इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शकाला व्यवहारात पर्याय नाही, कारण पल्लामापकाला हलविणारा कॅम त्यांत नसतो. दुसरी बाब विषयाची आहे. जवळचा, वेगवान व माणसांचा विषय पल्लामापकाला, तर दूरचा, अतिनिकटचा किंवा बारकाईच्या नोंदीचा विषय इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शकाला अनुकूल असतो. तिसरी बाब छायाचित्रकाराचा डोळा ही होय. दुहेरी प्रतिमा जुळविण्यास चांगली दृष्टी किंवा योग्य चष्मा लागतो. इलेक्ट्रॉनीय नेत्रिकेत मात्र दृष्टिदोषानुसार समायोजन बहुधा करता येते व प्रतिमा मोठीही करता येते. उतारवयातील अनेक छायाचित्रकार याच कारणाने दुसऱ्या योजनेकडे वळतात.

दोन्ही योजनांत अखेरचा निर्णय हाताचा असतो. भिंग किती फिरवावयाचे व कोठे थांबावयाचे हे कॅमेरा ठरवीत नाही. तो फक्त पुरावा समोर ठेवतो. पल्लामापक अंतराचा पुरावा देतो, इलेक्ट्रॉनीय दृश्यदर्शक प्रतिमेचा देतो. समोरचा प्रसंग कोणत्या पुराव्याची वाट पाहू शकेल हे ओळखणे हाच या निवडीचा गाभा होय. काठीच्या होळीतील नर्तक फार काळ थांबणार नाही. बुडीत क्षेत्रातील घराचा खांब तितका वेळ थांबत होता, पण आता तो तेथे नाही.